गाडीचे ब्रेक करकरतायत? आवाज घालवायच्या नादात या चुका तरी टाळा

पाऊस ओसरला की आमच्याकडे रत्नागिरीत हा सीझन सुरूच होतो. चार महिने गाडी लाल चिखलातून गेलेली असते, वर समुद्राची खारी हवा, त्यात कोणाची गाडी आठ-आठ दिवस अंगणात उभी, मग ब्रेक दाबला की चीं-चीं नाहीतर खरखर. आणि मला विचारायला येणाऱ्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच, "त्यावर काय मारू?" ग्रीस मारू, स्प्रे मारू, पॉलिश पेपर मारू. कुठे वाजतंय, कधी वाजतंय, नवीन पॅड कधी टाकले होते, हे कोणी सांगत नाही, मीच खोदून खोदून विचारायचं. चाक खोलायचा कंटाळा, पण आवाज मात्र आत्ताच्या आत्ता गेला पाहिजे.

खाली जे लिहितोय ते पुढे डिस्क (चाकाबरोबर फिरणारी तबकडी, तिला दोन्ही बाजूंनी पॅड घासून गाडी थांबते) आणि मागे ड्रम (डब्यासारखा, आतून लायनर घासतात) असलेल्या साध्या छोट्या गाड्यांसाठी, म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक घरातल्या गाड्या.

न बिघडलेल्या ब्रेकवर उपचार करणं

सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकला खरखर येते आणि मग बंद होते ना? काही करू नका. डिस्क ओतीव लोखंडाची असते, रात्रभर दवात उभी राहिली की तांबूस गंजाचा पापुद्रा धरतो आणि पॅड घासले की निघून जातो. यासाठी चाक खोलायची गरज नाही, आणि यूट्यूब बघायची तर अजिबातच नाही.

उलट गाडी चालताना सतत बारीक किंकाळीसारखा आवाज येतोय आणि ब्रेक दाबला की बऱ्याचदा तो बदलतो किंवा थांबतो, तर पॅडची जाडी आधी बघा. बऱ्याच पॅडला पत्र्याची एक छोटी पट्टी मुद्दाम लावलेली असते, पॅड साधारण २-३ मिलिमीटरवर आला की ती डिस्कला टेकून ओरडते. ती ओरडायलाच बसवलेली आहे. एका महाभागाने ती पट्टी पक्कडीने वाकवून बाजूला केली होती आणि वर मला सांगत होता की आवाज गेला.

डिस्कवर ऑइलचा स्प्रे मारणं

हा माझा सगळ्यात डोक्यात जाणारा प्रकार, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

आमच्या शेजारचा मुलगा, इंजिनिअरिंगला आहे, हुशार आहे, पण धीर नाही. त्याच्या वडिलांच्या गाडीचे पुढचे ब्रेक वाजायचे. मी सांगितलं होतं की रविवारी चाक खोलून बघू. रविवार यायच्या आत त्याने गंज सोडवायचा स्प्रे, तो लाल नळीवाला डबा, चाकाच्या जाळीतून नळी आत घालून दोन्ही डिस्कवर मस्त फवारला. आवाज गेला. जाणारच, तेलावर काय वाजणार? संध्याकाळी येऊन मला सांगतो, "काका, दोन मिनिटांचं काम होतं, तुम्ही उगाच चाक खोलायला सांगत होतात."

मी ओरडायच्या आत गाडी घेऊन निघालासुद्धा. आमच्या पाखाडीच्या खाली उतार आहे, उताराच्या शेवटी वळण आणि वळणावर एकाचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण. पॅडल दगडासारखं कडक, दाबतोय तरी गाडी थांबत नाही, आणि वर एका बाजूला ओढतेय कारण एका चाकावर स्प्रे जास्त गेलेला. गाडी गडग्यावर जाऊन थांबली. बंपर गेला, एक हेडलाइट गेला, आणि गडग्याचे चार चिरे गेले ते वेगळेच, त्यावरून नंतर जे काही बोलणं झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पोराला काही लागलं नाही हे नशीब.

दुसऱ्या दिवशी पॅड काढले तर काळे तुकतुकीत डाग स्पष्ट दिसत होते. पॅडचा मसाला सच्छिद्र असतो, तेल आत मुरतं आणि वरून कितीही पुसलं तरी पॅड गरम झाला की परत वर येतं. त्याने विचारलं, "गॅसवर भाजून घेऊ का?" हे ज्ञानपण कुठूनतरी मिळालेलं. भाजून तेल थोडंफार जळेल, पण मसाला धरून ठेवणारा चिकट पदार्थही जळतो, मग पॅडचे खपले निघतात. तेल लागलेला पॅड फेकून द्यायचा, त्याला दुसरा इलाज नाही. आणि नवा घालायचा म्हणजे जोडीने, डावी-उजवी दोन्ही चाकं, नाहीतर गाडी परत ओढणार.

डिस्क साफ करायला ब्रेक क्लीनरचा डबा मिळतो, तो मारायचा आणि स्वच्छ फडक्याने पुसायचं, ज्या फडक्याने मगाशी ग्रीसचे हात पुसले त्याने नाही. नवी कोरी डिस्क आणली तरी ती अशीच पुसून घ्यायची, कारण गंज धरू नये म्हणून तिला कारखान्यातूनच तेलाचा हात दिलेला असतो. डिझेल, रॉकेल, खोबरेल यातलं काहीही ब्रेकच्या आसपास नको. हो, खोबरेल मारलेलंही बघितलंय.

नुसते पॅड बदलत राहणं

दुसरा लाडका प्रकार. माझा मावसभाऊ कोल्हापूरला असतो, आंबा घाटातून येऊन-जाऊन असतो. त्याने पॅड बदलायचं शिकून घेतलं, चांगलीच गोष्ट आहे. आवाज आला की पॅड बदल, परत आला की परत बदल. आधी स्वस्तातले टाकले, मग "डुप्लिकेट असतील" म्हणून महागातले टाकले, मग दुकानदाराशी भांडला. शेवटी दिवाळीत इथे आला तेव्हा म्हणाला, "दादा, डिस्कच खराब आहे, नवीन टाकून टाकू."

चाक काढलं. बाहेरचा पॅड जवळपास नवा होता आणि आतला घासून पत्र्यावर आलेला. बाहेरून चाकाच्या फटीतून टॉर्च मारून बघितलं की बाहेरचाच पॅड दिसतो, त्यामुळे साहेबांना वाटत होतं की पॅड भरपूर आहे. तर कॅलिपर, म्हणजे पिस्टनने पॅड डिस्कवर आवळणारा चिमटा, ज्या दोन स्लाइड पिनांवर सरकतो त्यातली खालची पिन पूर्ण जाम. पान्याने फिरवत, हळूहळू ठोकत काढावी लागली. आत बेअरिंगचं साधं ग्रीस भरलेलं, सुकून डांबर झालेलं, आणि पिनेवरचं रबर पाण्यात टाकलेल्या साबुदाण्यासारखं टरारून फुगलेलं.

झालं काय होतं, तर साध्या ग्रीसमध्ये खनिज तेल असतं आणि ब्रेकचे रबर त्याने फुगतात. रबर फुगलं की पिन धरते, पिन धरली की कॅलिपर सरकत नाही, पिस्टन आतला पॅड दाबत राहतो आणि बाहेरचा नुसता बसून असतो. आतला पॅड तापतो, त्याचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत कडक होतो, वाजतो. त्यावर तुम्ही कितीही भारी पॅड टाका, थोड्या दिवसांनी तो तसाच होणार.

माझी पद्धत अशी की पॅड बदलायचे असोत नसोत, चाक काढलं की दोन्ही पिना बाहेर. वरची-खालची कुठली ते खूण करून ठेवतो, कारण काही गाड्यांत दोन्ही सारख्या नसतात, एकीला टोकाशी रबर असतं. पिनेचं भोक ब्रेक क्लीनर मारून आणि पातळ स्क्रू ड्रायव्हरला चिंधी गुंडाळून आतपर्यंत पुसायचं. पिनेवर गंजाचे खड्डे असतील तर नवी पिन, पैसे वाचवू नका, किरकोळ किंमत असते. मग ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस पातळसं लावायचं. भोक भरून टाकायचं नाही, हवा अडकते आणि पिन स्प्रिंगसारखी परत बाहेर येते. बसवल्यावर पिन बोटाने आत-बाहेर झाली पाहिजे. हातोडी लागत असेल तर काम झालेलं नाही.

तेवढ्यात पॅडचे कान ज्या खाचेत बसतात तिथला गंज तारेच्या ब्रशने काढून घ्या. पॅड ठोकून बसवावा लागला तर तो नंतर मोकळा सुटणार कसा? खाचेतल्या क्लिपा आणि पॅडमागची पातळ शिम जुनी सैल झाली असेल तर बदला. पॅडची थरथर हीच तर ती चीं-चीं असते, आणि ती थरथर धरून ठेवायलाच हे पत्रे दिलेत. लोक "एक्स्ट्रा पार्ट उरला" म्हणून टेबलावर ठेवून देतात.

पिस्टन दाबताना वरची टाकी न बघणं

पॅड झिजतात तसं ब्रेक ऑइल टाकीत खाली जातं. मधल्या काळात कोणीतरी हौसेने ते वरपर्यंत भरून ठेवलेलं असतं. मग नवा जाड पॅड बसवायला पिस्टन आत दाबला की ते सगळं टाकीतून उतू जाऊन बॉनेटखाली पसरतं आणि रंग खातं. सांडलंच तर लगेच भरपूर पाण्याने धुवा. दाबताना जुना पॅड पिस्टनवर ठेवून सी-क्लॅम्पने हळूहळू दाबायचं. काही गाड्यांना मागेपण डिस्क असते, तिथे बऱ्याचदा पिस्टन फिरवत आत न्यावा लागतो आणि नुसता दाबला तर आतली यंत्रणा मोडते, इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर त्याच्या नादाला घरी लागूच नका.

टाकीत घालायचं काय, ते टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं, डॉट ३ किंवा डॉट ४. इंजिन ऑइल घातलं तर सगळे रबर सील फुगून बाद. फोडून ठेवलेली जुनी बाटली वापरू नका, ते हवेतली ओल ओढतं.

कॅलिपर पाइपवर लोंबकळत सोडणं

काढलेला कॅलिपर ब्रेकच्या पाइपवर लटकवू नका, तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला बांधा. यावर अजून काय बोलायचं.

चिऱ्यावर गाडी ठेवणं

हे खास कोकणातलं. गाडीबरोबर आलेला जॅक हा स्टेपनी लावण्यापुरता असतो, त्याच्या भरवशावर गाडीखाली हात घालायचा नसतो, एवढं बऱ्याच जणांना कळतं. मग स्टँड आणायचे सोडून अंगणातले दोन चिरे सरकवतात. जांभा दगड भिंतीत चांगला असतो, एका टोकावर भार आला की तो भुसभुशीत होऊन फुटतो. पावसाने मऊ झालेल्या अंगणात तर जॅकसुद्धा रुततो. घट्ट जमीन बघा, जॅक स्टँड घ्या, आणि काढलेलं चाक आडवं करून गाडीखाली सरकवून ठेवा.

मागच्या ड्रमचं काम असेल तर अजून एक. हँडब्रेक मागच्या चाकांनाच लागतो आणि ड्रम निघायला तो सोडावा लागतो. म्हणजे गाडी धरून ठेवायला काही उरलंच नाही. गाडी गिअरमध्ये आणि पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ओंडके.

ड्रम हातोडीने झोडपणं, आणि मग आत फुंकर मारणं

बऱ्याच ड्रमला दोन आट्यांची भोकं असतात, त्यात बोल्ट घालून दोन्ही सारखे-सारखे आवळत गेलं की ड्रम आपोआप बाहेर येतो. आतली काळी धूळ तोंडाने किंवा कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका, जुन्या आणि स्वस्त लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. मास्क लावा, ब्रेक क्लीनरने भिजवून पुसा. आणि दोन्ही बाजू एकदम खोलू नका, स्प्रिंगा कशा होत्या हे बघायला दुसरी बाजू शाबूत असू द्या. मोबाइलवर फोटो काढला होता म्हणणारे असतात, त्या फोटोत नेमकी हवी ती स्प्रिंग बोटाखाली झाकलेली असते.

पॉलिश पेपरला औषध समजणं

चकाकी आलेला पॅड ८०-१०० नंबरच्या पेपरवर घासला की आवाज जातो, खोटं नाही. पण चकाकी आली कशामुळे? आंबा घाट साखरप्यापर्यंत ब्रेकवर पाय ठेवून उतरलात, किंवा पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरलात, तर दरवेळी येणार. सेकंड-थर्डला उतरा, इंजिनला धरू द्या. मागचा हॉर्न मारतोय तर मारू दे.

नवे पॅड टाकून सरळ हायवेला

चाक लावल्यावर, गाडी सुरू करून हलवायच्या आधी, पॅडल कडक होईपर्यंत पंप करा. पिस्टन मागे ढकललेला आहे, पहिलं पॅडल तळाला जातं. अंगणातून बाहेर पडताना तुळशीवृंदावनाला धडकलेली गाडी मला माहिती आहे.

मग मोकळ्या रस्त्यावर ५०-६० च्या स्पीडवरून १०-१५ वर आणायची, पूर्ण थांबवायची नाही, असं आठ-दहा वेळा, मध्ये थोडी हवा लागू द्यायची. पॅडचा मसाला डिस्कवर एकसारखा बसतो. डिस्क गरम असताना ब्रेक दाबून गाडी उभी ठेवलीत तर एकाच जागी ठसा उमटतो. पहिले काही दिवस थोडा आवाज येईल, तेवढ्यासाठी परत मला फोन करू नका.

एवढं करून वाजतंच असेल तर डिस्कवर कोरलेली किमान जाडी बघून मोजा, काठाला बोट लागेल इतकी धार आली असेल तर तीही बघा. आणि चाकामागून सतत पत्रा घासल्यासारखा कर्कश आवाज असेल तर डिस्कमागच्या पत्र्यात खडा अडकलाय, स्क्रू ड्रायव्हरने पत्रा जरासा मागे वाकवला की खडा पडतो. मात्र पॅडल स्पंजासारखं लागत असेल, किंवा चाकाच्या आतून ओलसर काही गळत असेल, तर गाडी तशीच उभी ठेवा आणि मेकॅनिकला घरी बोलवा.