समोरचं डकोटा जन्मानं लष्करी की प्रवासी? कसं ओळखायचं

डकोटा म्हणजे डग्लस कंपनीचं दोन इंजिनांचं जुनं विमान: प्रवासी रूपात डीसी-३, लष्करी रूपात सी-४७. ते ओळखताना रंगावर विश्वास ठेवू नका. दुसऱ्या महायुद्धातल्या नॉर्मंडीच्या स्वारीचे काळे-पांढरे पट्टे दिसले की लोक भारावतात, पण ते पट्टे कुणीही, कधीही रंगवू शकतो. मी सरळ डाव्या बाजूला, शेपटीकडे जातो आणि दार बघतो.

डीसी-३ हे १९३५ साली पहिल्यांदा उडालेलं प्रवासी विमान, त्यामुळे दार माणसाच्या मापाचं. त्याच्या लष्करी भावंडात, सी-४७मध्ये, जीप चढवायची होती. म्हणून दोन पल्ल्यांचं रुंद दार आलं आणि तळ भक्कम झाला. युद्ध संपल्यावर शेकडो सी-४७ प्रवासी कंपन्यांकडे गेली. त्यांनी आत खुर्च्या बसवल्या आणि अनेकदा मोठं दार बंद करून त्यातच लहान दार केलं. तेव्हा नुसत्या लहान दारावरून निकाल देऊ नका. पत्र्याच्या कडेला उभं राहून तिरकं बघा. दाराभोवती रिव्हेटांची मोठी चौकट उमटलेली दिसली, तर जन्म लष्करी. कलत्या उन्हात ती जास्त स्पष्ट दिसते.

दार उजवीकडे असेल तर? अमेरिकन एअरलाइन्सच्या सुरुवातीच्या डीसी-३ना ते तिकडेच होतं, आणि लिसुनोव्ह ली-२लाही, म्हणजे परवान्यानं बनलेल्या सोव्हिएत डीसी-३लाही.

मग छत. लष्करी विमानात कॉकपिटमागे ताऱ्यांवरून स्थान काढण्यासाठी पारदर्शक घुमट असायचा. तो काढला असेल तर तिथे गोल ठिगळ शोधा. शेपटीचं टोक बोथट असेल तर तिथे बहुधा ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, ओढायचा लष्करी आकडा होता. टोकदार शेपटी मात्र नंतरही बसवतात.

इंजिनं मोजायला मला सगळ्यात आवडतं, पण त्यांच्यावरून काही ठरत नाही. पुढच्या रांगेत ७ सिलिंडर आणि फटींतून मागची रांग दिसली, तर १४ सिलिंडरचं ट्विन वास्प. एकाच रांगेत ९ असतील तर बहुधा राइट सायक्लोन. ट्विन वास्प युद्धाआधीच्या काही डीसी-३वरही होतं, आणि इंजिनं बदलली जातातच.

शेवटी क्रमांक. अमेरिकी लष्करी क्रमांकातलं ४२ किंवा ४३ म्हणजे मागणीचं आर्थिक वर्ष, बांधणीचं नव्हे. शेपटीवर रंगवताना पहिला ४ गाळायचे. अर्थात तोही रंगच, म्हणून आत जाऊ दिलं तर निर्मात्याची धातूची पट्टी शोधा आणि तिच्यावरचा क्रमांक डग्लसच्या उत्पादन यादीशी ताडून पाहा.