नकाशा एक, समज वेगळी: संयुक्त पूरबचावातली गफलत कशी शोधावी

गोदाकाठी मोठा पूर आला की एकाच गावासाठी लष्कराची तुकडी, एनडीआरएफ आणि एसडीआरएफ (केंद्राचं आणि राज्याचं आपत्ती प्रतिसाद दल), महसूल आणि पोलीस असे सगळेच कामाला लागतात. सगळे एकाच ग्रुपवर असतात, नियंत्रण कक्षात एकच नकाशा लावलेला असतो. तरी बोट रिकाम्या वस्तीवर जाते आणि माणसं दुसरीकडेच अडकून राहतात. नंतर विचारलं की "नेटवर्क नव्हतं" हे उत्तर हमखास येतं, आणि ते बहुधा अपुरं असतं. खरा शोध घ्यायचा तो दोन पथकांची समज पहिल्यांदा कधी वेगळी झाली त्या मिनिटाचा. बोट चुकते ती त्यानंतर, कधीकधी बऱ्याच वेळानं.

माणसं आधी, बैठक नंतर

पथकप्रमुख, बोटचालक आणि वायरलेसवरचा जवान यांना त्याच दिवशी, एकेकट्याला भेटा. एकत्र बसले की सगळ्यांची आठवण एकसारखी होऊन जाते. नकाशा दाखवू नका. कोरा कागद द्या आणि ठरावीक वेळी आपली बोट, दुसऱ्यांची बोट, पाणी आणि अडकलेली माणसं कुठे होती ते काढायला सांगा. मग दोनच प्रश्न: हे कुठून कळलं? पुढे काय होईल असं वाटलं होतं? "का केलं नाही" असं विचारलंत की माणूस सफाई द्यायला लागतो, माहिती मिळत नाही.

नोंदी गोळा करताना तीन ठिकाणी फसगत होते. व्हॉट्सॲपची एक्स्पोर्ट केलेली चॅट संदेश कधी पोचला ते सांगत नाही. त्यासाठी पाठवणाऱ्याच्याच फोनवर संदेश दाबून धरा, 'इन्फो' उघडा आणि पोचल्याच्या व वाचल्याच्या वेळांचा स्क्रीनशॉट घ्या. आपोआप पुसणारे संदेश चालू असतील तर हे काम २४ तासांच्या आत उरका. जीपीएसचे ट्रॅक पुष्कळदा यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असतात. भारतीय वेळेसाठी त्यात ५ तास ३० मिनिटं मिळवा. वायरलेसचं रजिस्टर हातानं लिहिलेलं असतं, म्हणून त्या टेबलावरचं घड्याळ किती पुढे-मागे आहे ते आधी पाहा.

आता तक्ता करा. ओळी पथकांच्या नकोत, माहितीच्या हव्यात: "अमुक वस्ती रिकामी झाली", "पूल पाण्याखाली गेला". प्रत्येक ओळीत खरी वेळ, पाठवल्याची, पोचल्याची, पाहिल्याची आणि त्यावर कृती झाल्याची वेळ. ही माहिती कोणाला लागणार होती, तेही लिहा. बोटचालकाला निवाऱ्यातल्या जेवणाचा आकडा लागत नाही. त्याच्या फोनवर असे शंभर संदेश पडले की कामाचा एक त्यात बुडतो.

गफलतीच्या गाठी कुठे सापडतात

सर्वात जास्त ठिकाणाच्या नोंदीत. नांदेडजवळचा १९.१५, ७७.३० (अक्षांश, रेखांश, दशांशात) हा बिंदू कोणी १९ अंश १५ मिनिटं, ७७ अंश ३० मिनिटं असा वाचला, तर तो उत्तरेला सुमारे ११ आणि पूर्वेला सुमारे २१ किलोमीटर सरकतो. नकाशावर खूण तितकीच ठळक दिसते, म्हणून शंका कोणालाच येत नाही. गावांच्या नावांचंही तेच: बुद्रुक की खुर्द, कोणत्या तालुक्यातलं पिंपळगाव? नावासोबत जनगणनेचा गाव-कोड असेल तरच नोंद ग्राह्य धरा.

शिळी खूण दुसरी. व्हॉट्सॲपचं लाइव्ह लोकेशन १५ मिनिटं, १ तास किंवा ८ तास एवढंच चालतं. घाईत १५ मिनिटं निवडली की नंतर पडद्यावर राहते ती जुनी जागा. बॅटरी सेव्हरमुळेही खूण जागच्या जागी थांबते. प्रत्येक खुणेशेजारी शेवटची वेळ दिसत होती का, हे तपासा. उपकरण कसं गुपचूप फसवतं याचा भीषण दाखला ५ डिसेंबर २००१ चा, अफगाणिस्तानातला. बॅटरी बदलल्यावर जीपीएस यंत्रानं लक्ष्याऐवजी स्वतःचीच जागा दाखवली, तीच अमेरिकी विमानाला कळवली गेली आणि बॉम्ब अमेरिकेच्याच सैनिकांवर पडला.

तिसरी गाठ व्हॉट्सॲपच्या निळ्या टिकची, म्हणजे 'वाचलं' या खुणेची. वाचलं म्हणजे समजलं असं धरू नका. ऐकणाऱ्यानं ठिकाण आणि काम स्वतःच्या शब्दांत परत सांगितल्याची नोंद नसेल, तर तो संदेश अर्धाच पोचला.

पुढचा अंदाज चुकतो तो धरणांच्या आकड्यांवर. वरच्या जायकवाडी धरणाचाच विसर्ग धरून नांदेडच्या विष्णुपुरी धरणात येणारं पाणी मोजलं, तर सिंदफणा नदीतून येणारं माजलगाव धरणाचं आणि पूर्णा नदीतून येणारं येलदरी-सिद्धेश्वर धरणांचं पाणी हिशेबाबाहेर राहतं. शिवाय एकजण क्युसेकमध्ये (सेकंदाला घनफूट) बोलतो, दुसरा क्युमेकमध्ये (सेकंदाला घनमीटर). १ क्युमेक म्हणजे सुमारे ३५.३ क्युसेक.

सरावात थांबवून बघा

माणसाला परिस्थितीची किती जाणीव आहे याचा अभ्यास करणाऱ्या संशोधक मिका एंड्स्ली यांची पद्धत इथे चांगली चालते. सराव चालू असताना अचानक थांबवा, पडदे आणि फोन उलटे ठेवायला सांगा, सहा प्रश्नांचा कागद द्या, तीन मिनिटं. दोन प्रश्न दिसणाऱ्या गोष्टींवर, दोन त्यांच्या अर्थावर, दोन पुढच्या अर्ध्या तासात काय होईल यावर. उत्तरं दोनदा जुळवा: आधी वस्तुस्थितीशी, मग एकमेकांशी. दोघांची उत्तरं वेगळी आली तर बरं, कारण रेडिओवर वाद होऊन चूक उघडी पडते. दोघांची सारखीच चुकली असतील तर जास्त घाबरा. तिथे कोणी कोणाला टोकणार नाही.

दुरुस्ती एका वेळी एकच करा, समजा ठिकाणाच्या नोंदीचा नमुना बदलला, आणि तोच प्रसंग त्याच पथकांवर पुन्हा चालवा. तक्त्यातली ती ओळ आता जुळली का, एवढंच पाहायचं. नसेल जुळली तर नमुना जुनाच ठेवा आणि परत सांगण्याच्या सवयीकडे वळा.