क्वार्टझाइटची क्रीप टेस्ट कशी करायची

सिंधुदुर्गातला क्वार्टझाइट (मुख्यतः क्वार्ट्झ खनिजाचा कठीण खडक) घेऊन क्रीप टेस्ट (तापवून, कायम लोडखाली खडक हळूहळू किती वाहतो ते मोजणं) करणार असाल तर छोटा सिलिंडर कापा, उंची व्यासाच्या दुप्पट, आणि दोन्ही टोकं एकदम समांतर घासा नाहीतर सगळा लोड एका कडेवर येतो. ओव्हनमध्ये नीट सुकवा, कोकणातल्या पावसाळ्यात तर नक्कीच, कारण पाण्याने क्वार्ट्झ मऊ पडतो. चोहोबाजूंनी दाब देणारं मशीनच हवं, नुसतं वरून दाबलं तर वाहायच्या आधी फुटतो.

थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) सॅम्पलला चिकटूनच लावा. भट्टी हळूहळू चढवा हां, साध्या दाबाला ५७३ अंशांवर क्वार्ट्झची रचना बदलते, तो फुगतो नि तडे जातात.

तापमान स्थिरावलं की लोड तोच ठेवून उंची किती कमी होते ते बघत राहा, सुरुवातीचा वेग सोडून द्या, स्थिर झालेला वेगच खरा. मग लोड बदलून परत. वेग आणि ताणाच्या (लोड भागिले टोकाचं क्षेत्रफळ) लॉग-लॉग ग्राफचा उतार १ च्या आसपास आला तर खडक बहुतेक डिफ्यूजनने (एकेक अणू सरकून) वाहतोय, ३ ते ५ आला तर डिसलोकेशनने (स्फटिकातल्या दोषरेषा सरकून).