आधी रोल कुठं धुणार ते ठरवा, मग कॅमेरा घ्या

"फिल्म कॅमेरा घ्यायचाय, कुठला घेऊ?" असं मला महिन्यातून दोन-चार पोरं तरी विचारतात. बहुतेक लातूर, नांदेड, परभणीकडची. कुणी कॉलेजात आहे, कुणी माझ्यासारखं लग्नाच्या ऑर्डरीत दुसऱ्या कॅमेऱ्यावर उभं राहणारं. माझा उलटा प्रश्न ठरलेला असतो, रोल कुठं धुणार, म्हणजे त्यातले फोटो रसायनात उमटवून कुठं घेणार? पुण्या-मुंबईत हा प्रश्न कुणाला पडत नसेल. आपल्याकडं पडलाच पाहिजे, कारण ज्या दुकानात आपल्या आई-बापांच्या लग्नाचे रोल धुतले गेले तिथं आता मोबाईलचे कव्हर विकतात.

मी हा प्रश्न स्वतःला न विचारता २०१९ साली साडेसहा हजाराला पेंटॅक्स के१००० घेतला. कॅमेरा देखणा होता. एक कलर रोल भरला, लातूरच्या गंजगोलाईतून सुरुवात करून थेट औशाच्या किल्ल्यापर्यंत छत्तीस फोटो काढले आणि रोल कुरिअरनं बाहेरगावच्या लॅबला पाठवला. बारा दिवसांनी निरोप आला, रोल कोरा आहे. मी अर्थातच लॅबला शिव्या घातल्या.

निगेटिव्ह परत आल्यावर ती घेऊन औशाच्या एका काकांकडं गेलो. त्यांचा स्टुडिओ तेव्हा बंद होऊन बरीच वर्षं झाली होती, पण अंधारखोलीचं दार अजून कुलूपबंद ठेवलेलं होतं. त्यांनी पट्टी दोन बोटांत कडेनं धरली, खिडकीकडं केली आणि म्हणाले, "कडंला अक्षरं दिसायलेत का बघ." दिसत होती. कंपनीचं नाव, १, १ए, २, २ए असे आकडे, सगळं स्वच्छ. "मग धुणाऱ्याची चूक नाही. ती अक्षरं कंपनीतच छापून येतात, धुतल्याशिवाय उमटत नाहीत. तुझा रोल फिरलाच नाही, लेकरा." पट्टीचं टोक, म्हणजे लीडर, स्पूलच्या खाचेत नीट अडकलं नव्हतं. मी छत्तीस वेळा लिव्हर ओढला आणि छत्तीस वेळा त्याच जागी रिकामा क्लिक मारला.

म्हणून हे पहिलं लक्षात ठेवा. रोल भरून पाठ बंद केली की डाव्या हाताची रिवाइंडची कळ बाणाच्या दिशेनं हलकेच फिरवून ढील काढून घ्यायची. मग लिव्हर ओढताना ती कळ आपोआप फिरतेय का ते बघायचं. फिरली तर रोल चाललाय. नाही फिरली तर पाठ उघडून पुन्हा भरा, दोन फ्रेम गेल्या तर जाऊ द्या. आणि धुतलेला रोल कोरा आला तर आधी कडेची अक्षरं बघा. अक्षरंही नसतील तर मात्र धुण्यात गडबड आहे, मग खुशाल भांडा.

कॅमेऱ्याबद्दल फार बोलावं असं मला वाटत नाही. पेंटॅक्स के१०००, निकॉन एफएम२, एफएम१०, याशिका एफएक्स-३, यातला जो धड अवस्थेत मिळेल तो घ्या. बॅटरी संपली तरी हे चालतात, फक्त उजेड मोजणारा मीटर बंद पडतो. के१००० ला मीटरचं वेगळं बटणच नाही. लेन्सवर टोपी घातली की तो झोपतो, टोपी काढून ठेवलीत तर बॅटरी खात बसतो. मला हे तीन बॅटऱ्या वाया गेल्यावर कळलं. घेताना मात्र कान वापरा. एक सेकंदावर शटर मारून ऐकायचं. 'खट्' आणि नंतरचं 'खट्' यांच्यात खरंच एक सेकंद जातो का? जुन्या कॅमेऱ्यात वंगण घट्ट होतं आणि सावकाश वेग तिथंच अडकतात. मग पाठ उघडून कडेच्या फोमला नख लावायचं. बोटाला डांबरासारखं काळं चिकटलं तर फोम गेलाय, प्रकाश आत झिरपणार. काकांनी माझ्या कॅमेऱ्याच्या खाचेत काळ्या लोकरीचा धागा भरून दिला, तो आजही आहे. लेन्समधून मोबाईलचा टॉर्च मारला की आत जळमटासारखं काही दिसलं तर ती बुरशी. आपली हवा कोरडी, त्यामुळं इथल्या घरात पडून राहिलेल्या लेन्स त्या मानानं बऱ्या निघतात. समुद्राकाठाहून आलेला माल दोनदा बघून घ्या.

आता पैशांचं. कलर रोल आजकाल हजार-बाराशेच्या घरात जातो. धुणं, स्कॅनिंग, दोन्हीकडचं कुरिअर धरलं तर एक क्लिक पन्नास रुपयांना पडतो. हा हिशेब केल्यावर अर्धी पोरं गप्प होतात आणि ते ठीकच आहे. ब्लॅक अँड व्हाइट रोल घरी धुतला तर तोच खर्च जवळजवळ निम्म्यावर येतो. मराठवाड्यात राहून फिल्म करायची तर घरी धुणं शिकावंच लागतं या मताचा मी आहे, आणि त्याचं कारण नुसता पैसा नाही. एका मे महिन्यात मी सहा कलर रोल पाठवले. पार्सल शनिवारी निघालं, मध्ये रविवार आला आणि ते पत्र्याच्या गोदामात बेचाळीस डिग्रीत दोन दिवस पडून राहिलं. रंग असे काही फिरले की नवरीचा शालू विटकरी दिसायला लागला. तेव्हापासून उन्हाळ्यात पार्सल सोमवारीच टाकतो. मोटारसायकलच्या डिकीत रोल ठेवत नाही. घरातले रोल फ्रिजमध्ये असतात आणि वापरण्याआधी दोन-तीन तास बाहेर काढून ठेवतो, नाहीतर त्यांना घाम येतो.

घरी धुण्यात इथं खरी अडचण पाण्याची आहे. गरम पाणी, खारं पाणी आणि कमी पाणी, तिन्ही.

ब्लॅक अँड व्हाइटचं सगळं गणित २० डिग्रीवर मांडलेलं असतं. एचपी५ हा ४०० आयएसओचा रोल (आयएसओ म्हणजे रोल उजेडाला किती संवेदनशील आहे तो आकडा) डी-७६ या डेव्हलपरमध्ये, म्हणजे फोटो उमटवणाऱ्या रसायनात, एकास एक पाणी घालून धुवायचा तर २० डिग्रीला ११ मिनिटं. लातुरात एप्रिलमध्ये वीस डिग्रीचं पाणी फक्त फ्रिजमध्ये असतं. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी हात भाजेल असं. बर्फ घालून बघितलं, पण तापमान कुठल्या कुठं जातं आणि नंतर वर चढत राहतं. उपाय काकांनी सांगितला, इतका सोपा की मला हसू आलं. माठ. कोरड्या हवेत माठातलं पाणी झिरपत, वाळत गार होतं, आणि मुख्य म्हणजे एकाच तापमानाला टिकतं. माझ्या घरच्या माठात एप्रिलमध्ये थर्मामीटर २४ ते २५ दाखवतो. २४ ला ते ११ मिनिटांचं काम आठ मिनिटांच्या आत उरकतं, तापमान-वेळेच्या तक्त्यात बघून वेळ कमी करायची. पाच मिनिटांच्या खाली मात्र जाऊ नका, डाग पडतात. पावसाळ्यात हवा दमट झाली की माठाचा जोर ओसरतो, पण तेव्हा टाकीचं पाणीही निवलेलं असतं. डेव्हलपर, फिक्सर (उमटलेला फोटो पक्का करणारं रसायन) आणि धुण्याचं पाणी हे सगळं आदल्या रात्री शेजारी-शेजारी ठेवा म्हणजे एका तापमानाला येतं. गार डेव्हलपरमधून काढलेल्या रोलवर टाकीचं तापलेलं पाणी ओतलं तर जिलेटीन मऊ पडून रोलचा सत्यानाश होतो. माझा एक झालाय, माळेगावच्या जत्रेतल्या घोड्यांचा. ते घोडे आता चेचकाचे व्रण असल्यासारखे दिसतात.

गंमत म्हणजे कलरचा सी-४१ डेव्हलपर ३८ डिग्रीला लागतो. मे महिन्यात आपली टाकी जवळपास तिथंच असते. पण 'जवळपास' तिथं चालत नाही, अर्ध्या डिग्रीचाही फरक रंगात दिसतो. ते सध्या सोडा.

कमी पाण्याबद्दल. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं होतं. ज्या घरानं ते दिवस काढलेत तिथं नळाखाली अर्धा तास रोल धरून उभं राहणं कुणी खपवून घेणार नाही. त्याची गरजही नाही. इल्फर्ड कंपनीनं सांगितलेली रीत आहे. फिक्सर ओतून दिल्यावर रोल धुण्याच्या बंद डबीत पाणी भरा, पाच वेळा उलटी-सुलटी करा, ओता. पुन्हा भरा, दहा वेळा. पुन्हा भरा, वीस वेळा. झालं. ३५ एमएमच्या एका रोलला डबीत जेमतेम तीनशे मिली पाणी लागतं, म्हणजे लिटरभरात धुणं उरकतं. शेवटची एक खळबळ जारच्या पाण्यात द्यायची, कारण बोअरच्या पाण्याचे क्षार निगेटिव्हवर पांढरे ठिपके ठेवतात आणि ते आयुष्यभर स्कॅनमध्ये पुसत बसावे लागतात. डेव्हलपरही जारच्याच पाण्यात कालवा.

फिक्सर संपलाय की चांगला आहे हे बघायला रोलचा कापलेला लीडर त्यात टाका, पारदर्शक व्हायला किती वेळ लागतो ते मोजा आणि त्याच्या दुप्पट वेळ रोल ठेवा. वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी उतरलेली असते, तो झाडांना किंवा बोअरजवळ ओतू नका. पूर्वी स्टुडिओतला वापरलेला हायपो, म्हणजे फिक्सरच, विकत नेणारे लोक यायचे, काका सांगतात. आणि रसायनं कोल्ड्रिंकच्या बाटलीत ठेवायची नाहीत. घरात लेकरं असतात.

रोल डबीत भरताना लाल दिवाही चालत नाही. सिनेमात दाखवतात तो लाल दिवा कागदावर प्रिंट काढताना असतो, फिल्म लाल रंगही पकडते. पूर्ण अंधार लागतो. एक वाया गेलेला रोल घेऊन आधी उजेडात, मग डोळे मिटून, मग पांघरुणात असा सराव करा. उन्हाळ्यात हात घालून रोल भरायच्या काळ्या पिशवीत हातांना घाम येतो आणि रोल डबीतल्या रीळावर चिकटून बसतो, म्हणून मी रात्री उशिरा भरतो. काका म्हणतात, लोडशेडिंग होतं तेव्हा सगळं गाव आमची अंधारखोली होती, फक्त एनलार्जरला, म्हणजे निगेटिव्हवरून कागदावर मोठी प्रिंट काढायच्या यंत्राला, लाइट नव्हती.

काकांच्या काळी ब्लॅक अँड व्हाइटला 'इंदू' रोलही मिळायचा. तो सरकारी हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा, उटीला बनायचा. कारखाना उटीला काढला तो तिथल्या थंड, धूळ नसलेल्या हवेमुळं. उटीच्या गारव्यात बनलेला रोल आम्ही औशाच्या धुळीत धुवायचो, असं ते हसून सांगतात. तो कारखाना आता बंद आहे.

एक्सपोजरसाठी मीटर नसला तरी भागतं. लख्ख उन्हात लेन्सचं छिद्र एफ-१६ वर आणि रोलच्या आयएसओइतका शटर, म्हणजे ४०० ला १/५००. मीटर असेल तर त्याच्यावर डोळे झाकून विसंबू नका. त्याला सगळं जग मधल्या करड्या रंगाचं वाटतं. नांगरलेल्या काळ्या रानाकडं कॅमेरा धरला तर तो जास्त उजेड द्या म्हणतो आणि काळी माती राखाडी करून टाकतो. जिनिंगवरच्या कापसाच्या ढिगाला उलटं, तो कमी उजेड मागतो आणि कापूस मळकट येतो. तळहात उन्हात धरून त्याच्यावर मीटर घ्या आणि एक स्टॉप वाढवा, म्हणजे उजेड दुप्पट करा, एवढं पुरतं. शंका आली तर निगेटिव्ह फिल्मला उजेड जास्तच द्या, कमी कधीच नको. वेरूळचं कैलास उघड्यावर आहे, ते ४०० मध्ये सहज होतं. अजिंठ्याच्या आत मात्र अंधार आहे आणि फ्लॅशला बंदी, तिथं रोल वाया घालवण्यापेक्षा बसून बघा.

पोटापाण्याचं विचाराल तर फिल्मवर घर चालत नाही. माझं घर डिजिटलवर चालतं. वर्षाला दोन-चार जोडपी एखादा रोलही काढा म्हणतात, त्याचे पैसे वेगळे आणि आगाऊ घेतो, आणि हळदीचे महत्त्वाचे फोटो कधीही फक्त फिल्मवर ठेवत नाही. थोडंफार येतं ते जुन्या निगेटिव्ह स्कॅन करून देण्यातून. लोक आजोबांचा फोटो मोठा करून मागतात, प्रिंट फाटलेली असते आणि निगेटिव्ह कुठं आहे ते कुणाला माहीत नसतं.

काकांना माहीत असायचं. त्यांच्याकडं लांब लाल कापडी चोपड्या आहेत, नंबर, नाव, गाव, तारीख. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतरच्या महिन्यांत लोक स्टुडिओत यायचे ते नवे फोटो काढायला नाही. घरातल्या भिंतींवरचे फोटो भिंतींसोबत गेले होते. "आमच्या पोरीचा शाळेचा पासपोर्ट तुमच्याकडंच काढला होता" असं सांगायचे. काका चोपडी उघडून गाव शोधायचे, मग नंबर, मग पाकीट. काही सापडले, काही नाही. किती, ते मी त्यांना कधी विचारलं नाही.

त्यांनीच मला पहिल्या दिवशी चोपडी आणायला लावली. तुम्हीही आणा. रोलचा नंबर, तारीख, कॅमेरा, धुण्याचं तापमान आणि वेळ, गाव. आणि पहिले तीन रोल एकेका दिवसात संपवा. महिनाभर जपून काढत बसलात तर कुठली फ्रेम का बिघडली ते तुम्हालाच आठवणार नाही.

परवा माझ्या चोपडीत १४३ नंबर पडला. निगेटिव्ह न्हाणीघरात दोरीवर टांगली, खाली कपड्याचा चिमटा लावला आणि पंखा बंद केला, धूळ बसू नये म्हणून. आई दारातनं वाकून बघून गेली आणि म्हणाली, माठ भरून ठेव, सकाळी पाव्हणे येणारेत.