दहा बाय पंधराच्या हॉलमध्ये सिनेमाचा आवाज : कमी पैशांत कसा जमवायचा

आमच्याकडे टीव्हीचा आवाज चाळीसवर असला तरी आई विचारायची, "काय म्हणाला रे तो?" आणि पुढच्याच मिनिटाला मारामारी सुरू झाली की तीच म्हणायची, "अरे, कमी कर आधी!" ठाण्यात नौपाड्यातल्या जुन्या इमारतीतला आमचा हॉल, दहा बाय पंधरा फुटांचा. टीव्ही नवा, पातळ. त्याचे स्पीकर खाली तोंड करून बसवलेले, त्यामुळे शब्द आधी टीव्ही युनिटच्या फळीवर आपटायचा आणि मग आमच्यापर्यंत यायचा. तेव्हापासून माझं एक मत पक्कं झालं आहे. घरच्या साउंड सिस्टिमची पहिली परीक्षा संवाद ऐकू येतात का, ही. धमाके नंतर. गडकरी रंगायतनला मागच्या रांगेतही शब्द पोचावा असं आपल्याला वाटतं, मग घरी आठ फुटांवरून तो का पोचू नये?

आधी टाळी वाजवा

दुकानात जाण्याआधी हॉलच्या मधोमध उभं राहून एक खणखणीत टाळी वाजवा. टाळीमागे 'टणण्' असं शेपूट ऐकू आलं, तर कितीही महागडा स्पीकर आणा, शब्द अस्पष्टच येणार. ठाण्या-नवी मुंबईतल्या बहुतेक फ्लॅटमध्ये हे होतंच : खाली गुळगुळीत टाइल्स, एका बाजूला काचेची सरकती खिडकी, समोर कोरी भिंत. आवाज सगळीकडून परततो आणि मूळ शब्दावर चढतो. सोफ्यासमोर जाड सतरंजी, खिडकीला जाड कापडाचा पडदा आणि सोफ्यामागच्या भिंतीला पुस्तकांचं उघडं कपाट एवढ्यानेच मोठा फरक पडतो.

बाजूच्या भिंतींसाठी आरसा वापरा. तुम्ही नेहमीच्या जागी बसा आणि घरातल्या कुणाला तरी भिंतीला लावून आरसा सरकवायला सांगा. जिथे आरशात टीव्हीशेजारचा स्पीकर दिसेल, तिथूनच आवाज परतून तुमच्या कानावर येतो. त्या जागी पडदा किंवा कापडी वॉल हँगिंग लावा. या पायरीला पैसे जवळजवळ लागत नाहीत, म्हणून लोक ती गाळतात. मी तुम्हाला कळकळीने सांगतो, ती गाळू नका.

मग टीव्हीचं सेटिंग बघा

टीव्हीच्या मागे एका एचडीएमआय पोर्टवर 'एआरसी' किंवा 'ईएआरसी' लिहिलेलं असतं. साउंडबार (टीव्हीखाली ठेवायचा लांबट स्पीकर) किंवा रिसीव्हर (वेगवेगळ्या स्पीकरना आवाज वाटून देणारा ॲम्प्लिफायर) त्याच पोर्टला जोडायचा. शेजारच्या पोर्टला जोडलात तर टीव्हीचा आवाज परत बाहेर येणारच नाही. त्यानंतर साउंड सेटिंगमध्ये 'डिजिटल आउटपुट' शोधा. ते 'पीसीएम'वर असेल तर बऱ्याच टीव्हींवर पाच स्पीकरांचा आवाज दोनाचाच होऊन पुढे जातो. 'ऑटो', 'बिटस्ट्रीम' किंवा 'पासथ्रू' निवडा. जुन्या रिसीव्हरला एआरसी नसेल तर ऑप्टिकल केबल चालते. तिच्यातून साधं डॉल्बी डिजिटल ५.१ (पाच स्पीकर आणि खर्जाचा एक) जातं, पण बरेच ओटीटी ॲप वापरतात ते डॉल्बी डिजिटल प्लस जात नाही. टीव्हीला ते बदलून द्यावं लागतं आणि सगळ्या टीव्हींना ते जमत नाही. विकत घेण्याआधी एवढं तपासा.

काय घ्यायचं

खोक्यावरच्या मोठ्या आकड्याला भुलू नका. मी एकदा हजार वॅटचा म्हणून सेट आणला होता. तो आकडा पीएमपीओचा, म्हणजे जाहिरातीचा होता. विचारायचं ते 'आरएमएस किती?', म्हणजे सतत देता येणारी खरी ताकद किती, आणि लक्षात ठेवायचं की वॅट दुप्पट झाले तरी आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. तेवढा फरक कानाला जेमतेम कळतो. दहा बाय पंधराच्या खोलीला चांगल्या स्पीकरचे मोजके वॅट भरपूर होतात.

बजेट अगदीच कमी असेल तर ३.१ साउंडबार घ्या : डावा, उजवा, मधला आणि सोबत खर्जाचा वेगळा स्पीकर, म्हणजे सबवूफर. मधला स्पीकर स्वतंत्र हवाच, कारण संवाद प्रामुख्याने त्यातूनच येतात. २.१ बारवर 'ॲटमॉस' (डोक्यावरूनही आवाज येण्याची सोय) लिहिलेलं असलं तरी वर तोंड केलेले स्पीकर त्यात नसतात, नुसता भास निर्माण केलेला असतो. त्या अक्षरांसाठी जास्त पैसे मोजू नका.

थोडं थांबायची तयारी असेल तर माझा कौल रिसीव्हर आणि वेगळ्या स्पीकरना. आज डावा-उजवा-मधला घ्या, दिवाळीला सबवूफर, पुढच्या वर्षी मागचे दोन. बदली होऊन जाणारी माणसं चांगल्या वस्तू विकून जातात, त्यामुळे वापरलेला माल इथे मिळत राहतो. तपासताना स्पीकरच्या कडेची फोमची किनार बोटाने हलकेच दाबून बघा. आपल्याकडच्या दमट हवेत ती कुजते आणि हाताला भुगा लागतो. किनार रबरी असेल तर चिंता कमी. रिसीव्हरचे सगळे पोर्ट समोर चालवून घ्या.

नवंच हवं असेल तर ठाण्याहून दादर, तिथून वेस्टर्नने ग्रँट रोड आणि पुढे लॅमिंग्टन रोडचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार. पेन ड्राइव्हमध्ये एखाद्या मराठी नाटकाचं रेकॉर्डिंग न्या. विक्रेता स्फोटांचा डेमो लावेल. तुम्ही दोन माणसं हळू बोलतात तो प्रसंग लावायला सांगा.

मांडणी

मधला स्पीकर शोकेसच्या कप्प्यात आत ढकलू नका, आवाज घुमतो. फळीच्या अगदी कडेला आणा आणि पुढून थोडा उचलून तोंड कानाकडे करा. दाराला लावतो ते रबरी स्टॉपर त्यासाठी पुरतं. डावा-उजवा तुमच्या नजरेच्या सरळ रेषेपासून साधारण ३०-३० अंशांवर, म्हणजे ते दोघं आणि तुम्ही मिळून समभुज त्रिकोण व्हावा. मागचे दोन कानाच्या जरा मागे, ११० अंशांच्या आसपास आणि बसल्यावरच्या कानापेक्षा फूट-दोन फूट वर. आपल्याकडे बहुतेकदा एका बाजूला भिंत असते आणि दुसऱ्या बाजूला पॅसेज. मागचे स्पीकर नीट बसतच नसतील तर ते घेऊच नका. नीट मांडलेलं ३.१ हे कसंही टांगलेल्या ५.१ पेक्षा कितीतरी बरं.

इलेक्ट्रिशियन ज्याला दीडची वायर म्हणतात ती तांब्याची वायर या अंतरासाठी पुरेशी आहे. महागड्या स्पीकर केबल लागत नाहीत. मात्र लाल टर्मिनलला लाल आणि काळ्याला काळी, हे दोन्ही टोकांना तपासा. माझी एक वायर आठवडाभर उलटी होती. स्टिरिओवर बातम्या लावल्या की निवेदिकेचा आवाज मधून न येता खोलीभर विरघळल्यासारखा वाटायचा आणि खर्ज गायब. वायर सरळ केली आणि तिचा आवाज टीव्हीच्या मधोमध आला.

सबवूफरची जागा

पंधरा फुटांच्या लांबीत साधारण ३७ हर्ट्झची लाट दोन भिंतींत अडकते. त्यामुळे तोच खर्ज भिंतीशी दणदणतो आणि खोलीच्या मध्यावर हरवतो. सोफा भिंतीला चिकटलेला असेल तर फूटभर पुढे घ्या. मग सबवूफर चक्क सोफ्यावर, तुमच्या जागी ठेवा आणि ढोल-ताशा पथकाचं रेकॉर्डिंग लावा. आता तुम्ही भिंतीकडेने रांगत, कान जमिनीपासून फूटभर उंचीवर ठेवून ऐकत जा. आमच्याकडे बाल्कनीच्या दाराशेजारच्या कोपऱ्यात नुसती घरघर होती, दोन ठोक्यांच्या मधली जागाच कळत नव्हती. तिथून चार फुटांवर, चपलांच्या रॅकशेजारी आलो आणि ढोलाचा प्रत्येक ठोका सुटा झाला, टिपरूची टणकसुद्धा ऐकू आली. सबवूफर तिथेच ठेवला, रॅक हलवला.

रिसीव्हरमध्ये सगळे स्पीकर 'स्मॉल' करा आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झवर ठेवा, म्हणजे त्याखालचा खर्ज सबवूफरकडे जातो. सोबत माइक आला असेल तर तो बसल्यावरच्या कानाच्या उंचीवर स्टँडला लावा, पंखा बंद करा आणि मगच रिसीव्हरचं आपोआप होणारं मापन चालवा. ते झाल्यावर मधला स्पीकर हाताने २ डेसिबल वाढवा. आमच्या घरी सर्वांत जास्त उपयोग याचाच झाला. आई आता बावीसवर पूर्ण नाटक ऐकते.

रात्रीचं

खर्ज हवेतून जातो त्याहून जास्त स्लॅबमधून खालच्या घरात उतरतो. सबवूफरखाली जाड रबरी पॅड घाला. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. दहा वाजले की रिसीव्हरचा किंवा बारचा 'नाइट मोड' चालू करा. तो मोठे आवाज दाबतो आणि कुजबुज वर आणतो. एकदा सिनेमा लावून खालच्या मजल्यावर जा, त्यांच्या हॉलमध्ये पाच मिनिटं बसा आणि त्यांना किती ऐकू येतं ते स्वतः ऐका. सबवूफरचा व्हॉल्यूम त्यानुसार ठरवा आणि नॉबवर मार्करने खूण करून ठेवा.