आनगिना म्हणजे घसा

रानडे इन्स्टिट्यूटमधला रशियनचा कोर्स संपला आणि पहिलं काम ओळखीतून आलं. मध्य आशियातून पुण्यात हृदयाच्या उपचारांसाठी आलेल्या एका रुग्णाची इंग्रजी डिस्चार्ज समरी रशियनमध्ये करून द्यायची होती. तीन पानं, मुदत दोन दिवस.

निदानाच्या ओळीत ‘अनस्टेबल अँजायना’ होतं. रशियनमध्ये ‘आनगिना’ हा शब्द आहे हे मला ठाऊक होतं. तोच लिहिला. पण रशियनमध्ये आनगिना म्हणजे टॉन्सिल सुजणं, घशाचं दुखणं. छातीत कळ येणाऱ्या अँजायनाला तिकडे ‘स्तेनोकार्दिया’ म्हणतात. निघायच्या आदल्या संध्याकाळी रुग्णाच्या मुलीने कागद वाचून विचारलं, “बाबांचा घसा कधी दुखत होता?” तो प्रश्न आठवला की आजही पोटात गोळा येतो. तिने विचारलं नसतं, तर गावाकडच्या डॉक्टरांपुढे तोच कागद गेला असता.

नीट ऐका, कारण इथेच सगळे फसतात. त्या समरीतले अवघड शब्द मी तीन-तीनदा तपासले होते. हा एकच तपासला नाही, कारण तो ओळखीचा वाटला. हिंदीतली ‘शिक्षा’ मराठीत आणली तर काय होतं ते आपल्याला माहीत आहे. इंग्रजी-रशियनमध्ये असे शब्द पावलोपावली आहेत. ‘डिकेड’ म्हणजे दहा वर्षं, रशियन ‘देकादा’ म्हणजे सहसा दहा दिवस. ‘मधुमेह एका डिकेडपासून’ या ओळीत देकादा घातलंत तर जुना आजार गेल्या आठवड्यातला होतो. ‘कॉम्प्लेक्शन’ म्हणजे चेहऱ्याचा रंग, ‘कम्प्लेक्त्सिया’ म्हणजे अंगकाठी. ‘प्रिझर्व्हेटिव्ह’ला ‘कन्सेर्वांत’ म्हणायचं. ‘प्रेझेर्वातीव’ म्हणजे निरोध. साधं ‘हॉस्पिटल’सुद्धा सरळ नाही. ‘गोस्पिताल’ म्हटलं की रशियन माणसापुढे बहुधा लष्करी रुग्णालय येतं, नेहमीचं ते ‘बल्नीत्सा’.

म्हणून इंग्रजीसारखा दिसणारा प्रत्येक शब्द मी लाल पेन्सिलने अधोरेखित करते, अगदी खात्रीचा असला तरी. मग तो रशियन-रशियन शब्दकोशात बघते आणि रशियन भाषेच्या राष्ट्रीय कॉर्पसमध्ये, म्हणजे खऱ्या लिखाणाच्या शोधता येणाऱ्या मोठ्या संग्रहात, वापर शोधते. हा कॉर्पस 2004 पासून ऑनलाइन आहे. दहा-बारा खरी वाक्यं वाचली की शब्द कुठे बसतो ते कळतं.

सीनियरांकडून फिरत आलेल्या एक्सेलच्या शब्दयाद्या मात्र घेऊ नका. एका इंग्रजी शब्दापुढे एकच रशियन शब्द, वाक्य नाही, संदर्भ नाही. मला अशीच एक यादी प्रेमाने मिळाली होती आणि अँजायनापुढे आनगिनाच होतं. देणाऱ्याचा हेतू चांगला होता, पण कागदाखाली सही माझी होती. आमच्या बाई पुस्तकातला इंग्रजी रकाना पोस्टकार्डाने झाकून शिकवायच्या. तेव्हा त्रास वाटायचा. माझ्या मते त्याहून चांगली पद्धत नाही.

घाबरून सोडू मात्र नका. मराठी आपल्याला इथे खूप हात देते. इंग्रजीत ‘आर्म’ वेगळा, ‘हँड’ वेगळा. रशियन ‘रुका’ म्हणजे सरळ आपला हात, ‘नगा’ म्हणजे पाय. डाव्या हातात कळ जाते हे मराठीत मनात म्हणा, रशियन वाक्य आपोआप उतरतं. क्रियापदांच्या जोड्यांचंही तसंच. इंग्रजीत गोळी ‘टेक’ करायची, एकदा असो की रोज. रशियनमध्ये रोजच्या गोळीला ‘प्रिनिमायते’, आत्ता एकदाच घ्यायच्या गोळीला ‘प्रिमीते’. आपण ‘घेत जा’ आणि ‘घ्या’ म्हणतोच की! पहिलं वर्षभर मी हे इंग्रजी व्याकरणातून समजून घेत होते आणि रडकुंडीला येत होते.

कामाची मुदत ठरवताना तपासणीचा वेळ आधीच धरा. तीन पानांना मी आता चार दिवस मागते, आणि कागद हातात देण्याआधी निदानाची ओळ नातेवाइकांना मोठ्याने वाचून दाखवते.