ऊसतोडीआधी शेळ्यांचा गोठा बंदिस्त करा

दिवाळी उरकली की जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर आणि अकोले-संगमनेर पट्ट्यात ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. वर्षभर उभा असलेला ऊस भराभर मोकळा होतो. त्यातला बिबट्या मग एका फडातून दुसऱ्या फडात सरकतो आणि वस्तीच्या कडेला दिसू लागतो. शेळ्या-मेंढ्या पाळणाऱ्यांनी टोळी येण्याची वाट न पाहता गोठ्याचं काम आत्ताच हाती घ्यावं.

बिबट्या दिसला की पहिली मागणी पिंजऱ्याची होते. माणसावर हल्ला झाला असेल तर ती रास्तच आहे. पण नुसता दिसला म्हणून धरून दूर सोडण्याचा अनुभव जुन्नरने घेतलेला आहे. 2001 नंतर इथले बरेच बिबटे पकडून लांबच्या जंगलात सोडले गेले आणि माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी 4 होते ते 17 वर गेले. रिकाम्या झालेल्या जागेत दुसरा बिबट्या येतो, तो पहिल्यापेक्षा शहाणा असेलच असं नाही.

अकोले तालुक्यात बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास झाला, त्यात सर्वांत जास्त निघाली ती कुत्री. त्या भागात शेळ्या कुत्र्यांच्या सातपट, तरी बिबट्याच्या आहारात त्यांचा वाटा 11 टक्केच. कारण शेळी रात्री राखणीत असते, कुत्रं मोकळं फिरतं. राखण चालते, हे यावरून दिसतं.

आता गोठा. शेळी भिंतीला टेकून झोपते आणि बिबट्या फटीतून पंजा घालून तिला ओढतो. म्हणून खाली तीन फूट विटांचं बांधकाम आणि त्यावर दोन इंची चेनलिंक जाळी ठेवा. भिंत आणि पत्रा यांच्यामधली फट जाळीनेच बंद करा, म्हणजे हवाही खेळती राहील. वरून उघडा गोठा कितीही उंच भिंतीचा असला तरी उपयोग नाही, बिबट्या झाडावर चढणारं जनावर आहे. गोठ्यावर आलेली फांदी तोडा. दाराला फळी टेकवून भागत नाही. लोखंडी चौकट हवी, वर-खाली दोन कड्या हव्यात आणि दाराखाली फट नको. एवढा खर्च झेपत नसेल तर पूर्ण गोठा सोडा, आठ बाय दहा फुटांचा एकच कोपरा सगळ्या बाजूंनी नीट बंद करा. त्यात सात-आठ शेळ्या रात्री मावतात. अर्धवट बंद गोठा मात्र फार वाईट. बिबट्या आत शिरला की शेळ्यांना पळायला वाट नसते, त्या सैरावैरा होतात आणि एकीऐवजी पाच-सहा जातात.

दिवा लावा, पण त्याच्या भरवशावर राहू नका. बिबट्याला उजेडाची सवय होते. मेंढपाळांनी वाघर, म्हणजे रात्री मेंढ्या कोंडायची जाळी, उसापासून लांब, उघड्या रानात लावावी. नुसती जाळी बिबट्या सहज ओलांडतो, त्यामुळे रात्री आळीपाळीने जागं राहायलाच हवं. पोल्ट्रीतली मेलेली कोंबडी ओढ्यात टाकू नका, चुना टाकून खोल पुरा. तिच्यावर कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो.

तोडणीत पिल्लं सापडली तर हात लावू नका, फोटोसाठी उचलू तर मुळीच नका. त्या बाजूची तोड थांबवा आणि वनविभागाला 1926 वर कळवा. पिल्लं तपासून त्याच जागी ठेवली तर बहुतेक वेळा मादी रात्रीतून येऊन घेऊन जाते. पिल्लं हरवलेली मादी चवताळून त्याच फडात फिरत राहते.

टोळीच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, कुठे बसवायच्या हे बागायतदाराने ठरवावं, मुकादमावर सोडू नये. उसाला लागून कोपी नको. तिथे वीज द्या, शौचाची सोय करा. अंधारात खाली बसलेलं माणूस बिबट्याला लहान जनावरासारखं दिसतं, आणि पहाटे बाहेर जाणाऱ्या बायका-मुलांना हाच धोका असतो. ही लेकरं आपल्या रानात आपल्या भरवशावर झोपलेली असतात.

जनावर गेलंच तर मढं हलवू नका आणि त्यावर विष तर कधीच टाकू नका. फोटो काढा, 48 तासांच्या आत वनरक्षकाला कळवा, पंचनामा करून घ्या. 2022 च्या शासन निर्णयानुसार बाजारभावाच्या 75 टक्के भरपाई मिळते. गाय-म्हैस-बैलासाठी कमाल 70 हजार, शेळी-मेंढीसाठी 15 हजार. मात्र 1 जून 2024 पासून कानात बिल्ला नसलेल्या जनावराची भरपाई मिळत नाही. तेव्हा याच आठवड्यात पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन सगळ्या जनावरांना बिल्ले मारून घ्या, यंदाची करडंही त्यातून सुटू देऊ नका.